नळाखालचा खड्डा

लग्न होऊन मी नगरला आले तेव्हा आमच्या आवारात एकच नळ होता आणि त्याला तोटी नव्हती. कुणाला तिची गरजही वाटत नसे. पहाटे पाणी यायचं, तास-दीड तास धो धो वाहायचं आणि जायचं. भांडी भरून झाली की उरलेलं पाणी फरशीवरून वाहत मोरीत जायचं. त्याबद्दल कुणी कधी चकार शब्द काढला नाही.

आवार लहानच होतं. पुढच्या दोन खोल्यांत घरमालकीण राहायच्या. वयस्कर मुसलमान बाई, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. सगळी गल्ली त्यांना खाला म्हणायची, म्हणून आम्हीही. मधल्या दोन खोल्या आमच्या. माझे यजमान छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि मी मुलींच्या प्राथमिक शाळेत चौथीला शिकवायचे. मागे एकच मोठी खोली होती. बहात्तर साली पावसाळ्याच्या तोंडावर तिथं एक नवं जोडपं राहायला आलं. तो तेलाच्या गिरणीत कामाला होता. ती अकोले तालुक्यातली, डोंगरातल्या गावची. एकोणीस-वीस वर्षांची असेल.

तिचं पाणी वापरणं बघून मला पहिल्यांदा हसू आलं होतं. तिच्या माहेरी घरामागूनच ओढा वाहायचा, पुढं भाताची खाचरं. पावसाळ्यात चार महिने सूर्य दिसत नाही, असं ती सांगायची. रोज पाणी आलं की ती आधी कालचं सगळं भरलेलं पाणी अंगणात ओतून द्यायची, मग हंडे घासायची, मग भरायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "शिळं पानी कोन पितं ताई?" बाहेरून आली की पाय धुवायची, घरातून बाहेर निघाली तरी धुवायची. अंगणात दोन वेळा सडा. तिच्या दारातली माती कधी उडाली नाही.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. आषाढ कोरडा गेला, श्रावण कोरडा गेला. गणपतीत थोडा शिडकावा झाला आणि सगळे आकाशाकडं बघत राहिले. दसऱ्यापर्यंत रेशनला तांबडी, परदेशातून आलेली मिलो ज्वारी आली. तिच्या भाकरीला ना चव होती ना रंग. शाळेत मुलींची संख्या वाढली, कारण खेड्यांतले नातेवाईक शहरात येऊन राहायला लागले होते. घोडेगावच्या बाजाराकडं चाललेली जनावरं शहराच्या कडेनं जायची. त्यांच्या फासळ्या दिसायच्या. ती विकली जाणार, एवढंच सगळ्यांना माहीत होतं. विकत घेतंय कोण, हे कुणी विचारत नव्हतं.

दिवाळीनंतर सासूबाई आल्या. आमचं गाव कर्जतकडचं. तिथली विहीर कोरडी ठाक पडली होती. सोबत माझी नणंद आणि तिच्या दोन लहान मुली. म्हणजे दोघांच्या घरात आम्ही सहाजण झालो. मला त्यांचं येणं जड झालं असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी दारात त्यांना बघितलं आणि पहिला विचार माझ्या मनात आला तो हंड्यांचा.

सासूबाई आणि पाणी हा वेगळाच प्रकार होता. त्या एका तांब्यात आंघोळ करायच्या. आधी ओल्या फडक्यानं अंग पुसायचं, मग उरलेलं पाणी खांद्यावरून थोडं थोडं सोडायचं, आणि ते खाली परातीत धरायचं. परातीतल्या पाण्यात फडकं पिळायचं, त्यातच नातींचे पाय धुवायचे, आणि शेवटी ते पाणी दारातल्या तुळशीला. "पानी अंगाला लावायचं आसतं, वतायचं न्हाई," असं त्या मला सांगायच्या. पलीकडं अकोल्याची पोरगी दारात सडा घालायची तेव्हा त्या उंबऱ्यात बसून बघत राहायच्या. कुणी रक्त सांडत असावं तसा त्यांचा चेहरा व्हायचा.

पौष-माघापासून नळ एक दिवसाआड यायला लागला. मग अर्धा तास. मग अर्ध्या तासातही नुसती करंगळीएवढी धार. आमच्या नळाचं तोंड गुडघ्याएवढ्या उंचीवर होतं आणि पाण्याला तेवढंही वर चढता येईना. पाणी यायच्या आधी नळातून हवा यायची. आधी फुसफुस, मग कुणीतरी लांबून उसासा टाकावा तसा आवाज. पहाटे पाच वाजता आम्ही तिन्ही घरच्या बाया हंडे घेऊन त्या आवाजाची वाट बघत बसायचो. कधी कधी नुसता आवाजच यायचा आणि बंद व्हायचा.

गल्लीत एकानं नळाशी खड्डा खणला. जमिनीखालच्या पायपातून येणारं पाणी वर चढत नाही, तर आपणच खाली उतरायचं, अशी ती युक्ती. पुढच्या आठवड्यात चार घरांनी खणले. जो खणेल त्याच्याकडं पाणी आधी यायचं आणि शेजाऱ्याची धार आणखी बारीक व्हायची. मग शेजारीही खणायचा, पण आणखी वीतभर खोल.

होळीनंतरच्या रविवारी यजमानांनी कुदळ आणली. सासूबाई कडेला बसून सांगत होत्या, "आमी नदीत झिरा खांदतो तसं खांद. तोंड रुंद ठिव, खाली निमुळतं कर." दुपारपर्यंत कमरेइतका खड्डा झाला. उतरायला तीन पायऱ्या केल्या. गल्लीतला नळ दुरुस्त करणारा माणूस येऊन पायप खाली कापून गेला. खड्ड्याची मोरीकडची बाजू काळी आणि ओली होती. बाकी सगळीकडं माती भुगा होऊन गळत होती आणि तेवढीच बाजू ओली. सासूबाई खाली उतरल्या, मातीला हात लावून बोटं नाकाशी नेली.

"हितं पानी हाय," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकले. "खाली झरा आसंल."

"आत्याबाई, तिकडं मोरी आहे," मी म्हणाले.

"मोरी कवाची सुकलीय. बघ की."

मोरी वरून खरंच सुकलेली होती. तिच्या तळाशी शेवाळाची पापडी झाली होती. मी चौथीच्या मुलींना आरोग्याचा धडा शिकवत होते. दूषित पाणी, त्यातून होणारे रोग, पाणी गाळून आणि उकळून प्यावे. फळ्यावर मी हे सगळं सुबक अक्षरात लिहायचे. पण त्या दिवशी मी गप्प बसले, कारण मलाही पाणी हवं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी आलं ते अंगठ्याएवढ्या धारेनं. नणंदेच्या मुली टाळ्या पिटायला लागल्या. खाला खड्ड्याच्या काठावर उभ्या राहून खाली बघत होत्या. त्या म्हणाल्या, "बेटी, पाणी तो आलं. पण हे कबरीसारखं दिसतंय." यजमान हसले. मीही हसले.

खड्डा आम्ही खणला होता, म्हणून पाण्याच्या वाटण्याही आम्हीच केल्या. खरं म्हणजे मी केल्या. सहा माणसांना पाच हंडे, मागच्या दोघांना दोन, खालांना एक. खालांनी काही तक्रार केली नाही. पाच वेळच्या नमाजाआधी हातपाय धुवायला त्या तोटीचा लहानसा तांब्या, बधणी, भरून ठेवायच्या. ती बधणी त्यांनी अर्धी भरायला सुरुवात केली. मी विचारलं तर म्हणाल्या, "अल्लाला माहीत आहे नळ कसा आहे ते."

मागच्या पोरीला मात्र ते पटलं नाही. तिला तेव्हा पाचवा महिना होता.

"तुमच्याकडं पावणं आलं, म्हनून तुमाला पाच व्हय?" ती म्हणाली. "मला दोन हंड्यांत कसं भागंल?"

"पाहुणे नाहीत ते. माझी माणसं आहेत," मी म्हणाले. "आणि दोन हंडे दोघांना पुष्कळ होतात. तू निम्मं तर अंगणातच ओततेस. इथं काय तुझा ओढा वाहतोय?"

तिनं मान खाली घालून हंडा उचलला आणि गेली. सासूबाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "बरं केलंस. हिला कुनीतरी सांगायलाच पायजे हुतं."

मग मी तिला शिकवायला घेतलं. तांदूळ धुतलेल्या पाण्यात भाजी धुवायची, त्याच पाण्यात भांडी. भांडी राखेनं कोरडी घासायची आणि नुसती पुसायची. कपडे आठवड्यातून एकदा. हात धुताना तांब्या आडवा करायचा नाही, नुसता तिरपा. माठातलं पाणी फेकायचं नाही, तळाचंसुद्धा. तिनं सगळं ऐकलं. महिन्याभरात ती माझ्यापेक्षाही कमी पाणी वापरायला लागली. सडा बंद झाला. पाय धुणं बंद झालं. तिच्या दारात धूळ साचली. तिचं बोलणंही कमी झालं, पण ते दिवस गेल्यामुळं असेल असं मी समजले.

पाणी उकळण्याचा प्रश्नच नव्हता. रॉकेल रेशनवर मोजकं मिळायचं आणि त्यात सहा माणसांची मिलोची भाकरीच कशीबशी शिजायची. आम्ही पाणी दुपदरी फडक्यानं गाळायचो आणि तुरटी फिरवायचो.

एक दिवस मी शाळेतून दुपारी लवकर आले. त्या दिवशी पाणी सकाळी न येता साडेबाराला आलं होतं आणि नुकतंच गेलं होतं. आवारात कुणी नव्हतं. मी खड्ड्यापाशी गेले. पाणी भरताना सांडलेलं, आमच्या पायांचं, हंड्यांच्या बुडांचं, सगळं खड्ड्याच्या तळाशी साचायचं. नळाचं कापलेलं तोंड त्यात बुडालेलं असायचं. मी बघत होते आणि माझ्या लक्षात आलं की ते पाणी कमी होतंय. आधी वाटलं जमिनीत मुरत असेल. पण नळाच्या तोंडाशी बारीकसा भोवरा होता. पाण्यावर पडलेली लिंबाची काडी त्याच्याभोवती फिरत फिरत आली आणि तोंडाशी अडकून उभी राहिली. घोट घेतल्यासारखा आवाज येत होता. नळ पाणी पीत होता. गल्लीच्या उताराकडच्या खड्ड्यांत कुणीतरी शेवटचं पाणी ओढून घेत असणार आणि पायप आमच्या खड्ड्यातलं पाणी उलटं आत घेत होता. आमच्यातलं त्यांच्याकडं, आणि आमच्या वरच्या घरांतलं आमच्याकडं.

मी मोरीकडच्या भिंतीकडं पाहिलं. ओल आता खड्ड्याच्या निम्म्या उंचीपर्यंत चढली होती.

संध्याकाळी मी यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, "मग काय करायचं? बुजवायचा? उद्या पाणी कुठून आणणार?" सासूबाई म्हणाल्या, "आमी उभ्या जल्मात कसलं कसलं पानी प्यालो. काय झालं न्हाई." मला त्यांच्याशी वाद घालता आला असता. मी एवढंच केलं की पायपात ओढलेली घाण पहिल्या धारेबरोबर येणार, म्हणून आमच्या वाट्याचे पहिले दोन हंडे वापरायला ठेवायचे आणि पिण्यासाठी मागाहून भरायचं, असा आमच्या घरापुरता नियम केला. शेवटचे हंडे आमचेच असायचे. सगळ्यात पहिले दोन मी मागच्या खोलीला देत होते, कारण तिला लांब न्यायला वेळ लागायचा. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं होतं.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी ते झालं, जे मी आजवर फार थोड्या लोकांना सांगितलं आहे.

एप्रिल निम्मा सरला होता. पाणी येऊन गेलं होतं, दहा-साडेदहा वाजले असतील, शाळेला सुट्टी होती. मी खिडकीत तांदूळ निवडत बसले होते. ती पोरगी खड्ड्याकडं आली. पोट आता दिसायला लागलं होतं. एका हातानं कमरेला आधार देत ती तिन्ही पायऱ्या उतरली आणि खाली बसली. मला वाटलं, काहीतरी पडलं असेल. तिनं हातातली वाटी बुडवली, पाणी निवळायला थोडं थांबली आणि प्यायली. मग आणखी एक वाटी. फार तहान लागलेलं माणूस पितं तशी, डोळे मिटून.

माझ्यामागं माठ भरलेला होता. मला फक्त हाक मारायची होती. "अगं, ते पिऊ नको, इकडं ये," एवढंच. पण हाक मारली असती तर तांब्याभर पाणी द्यावं लागलं असतं. त्या दिवशी दिलं असतं तर उद्याही द्यावं लागलं असतं. हा हिशेब माझ्या डोक्यात सुपातले दोन खडे वेचून होण्याच्या आत झाला. मी खाली मान घालून तांदूळ निवडत राहिले. ती वर आली, पदरानं तोंड पुसलं आणि गेली.

मे महिन्याच्या सुरुवातीला यजमानांना जेवण जाईना. छापखान्यात उभं राहिलं की पाय थरथरायचे. चार दिवसांनी डोळे पिवळे झाले. वैद्यानं पथ्य सांगितलं, उसाचा रस सांगितला. तीन आठवड्यांत ते उठून बसले. त्याच सुमारास गल्लीत अजून दोघा-तिघांना कावीळ झाल्याचं कानावर आलं. लोक म्हणत होते, मिलोनं होतंय. मिलोला नावं ठेवणं सगळ्यांना सोयीचं होतं.

मग एका सकाळी खालांनी मला हाक मारली. त्यांचा आवाज वेगळा होता. मागच्या खोलीच्या दारात त्यांनी त्या पोरीला उन्हाकडं तोंड करून बसवलं होतं आणि अंगठ्यानं तिची खालची पापणी ओढून धरली होती.

"बघ," त्या म्हणाल्या.

हळद लावावी तसा डोळा पिवळा होता. नखंही तशीच. ती अंग खाजवत होती. तीन दिवस पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं, असं तिचा नवरा म्हणाला. गरोदरपणात असं होतंच, म्हणून त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. तिला सातवा महिना लागला होता.

टांग्यात घालून आम्ही तिला सरकारी दवाखान्यात नेलं. तिचा नवरा पुढं, मी आणि खाला तिच्या दोन्ही बाजूंना. वाटेत ती एकदा म्हणाली, "ताई, तोंड लई कडू झालंय." त्यानंतर ती झोपाळली. डॉक्टरांनी तिला तपासलं, आणि बाहेर येऊन त्यांनी आम्हाला विचारलं, "पाणी कुठलं पिता?"

तिचा नवरा माझ्याकडं बघायला लागला. शिकलेली मीच होते.

"नळाचं," मी म्हणाले.

डॉक्टरांनी लिहून घेतलं. पुढं काही विचारलं नाही. मीही पुढं काही सांगितलं नाही. गरोदर बाईला ही कावीळ फार वाईट, असं ते तिच्या नवऱ्याला हळू आवाजात सांगत होते. तो मान हलवत होता, पण त्याला ते कळत नव्हतं हे दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी तिची शुद्ध हरपली. ती कुणाला ओळखेना. हात हवेत फिरवायची आणि ओंजळ केल्यासारखी बोटं जुळवायची. तिसऱ्या दिवशी दुपारी मूल झालं, मेलेलंच. मुलगी होती. तिचा नवरा व्हरांड्यातल्या बाकावर बसून होता. मी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले. खालांनीच त्याच्या डोक्यावर हात ठेवला. नंतर त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तू घरी जा. तुझा चेहरा पाहून तो घाबरतोय."

मी घरी आले ती थेट खड्ड्यापाशी जाऊन बसले. सासूबाई आल्या, शेजारी बसल्या. त्यांना मी सगळं सांगितलं. नळ पाणी पितो ते, आणि खिडकीतून मी काय पाहिलं तेही. त्यांनी काठावरचं मातीचं एक ढेकूळ उचलून हातात कुस्करलं. मग म्हणाल्या, "मला तवाच वास आला हुता. मोरीचा. पर मला झराच हवा हुता."

त्या बाईनं स्वतःहून काही कबूल केल्याचं मी तेवढं एकदाच ऐकलं.

खाला दवाखान्यातून परतल्या तेव्हा मी त्यांनाही सांगितलं. त्यांनी मला दोष दिला नाही, धीरही दिला नाही. "माझ्या जागेत हा खड्डा आता नको," एवढंच त्या म्हणाल्या. यजमान अजून अशक्त होते, तरी त्यांनी आणि मी मिळून त्याच संध्याकाळी माती लोटली. सासूबाईंनी पाटीनं भर आणून टाकली. त्याआधी नळाचं तोंड लाकडी गुडदी ठोकून बंद केलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी आणि नणंद गावाबाहेरच्या एका मळ्यातल्या विहिरीवर जायला लागलो. जाऊन येऊन दीड तास लागायचा. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी. रॉकेल पुरेना म्हणून यजमान छापखान्यातून खोक्यांच्या फळ्या आणायचे आणि त्यांवर आम्ही पिण्याचं पाणी उकळायचो. म्हणजे हे सगळं करता येत होतं. एप्रिलमध्येही आलं असतं.

मी खालांना घेऊन गल्लीत घरोघर गेले. खड्डे बुजवा, पाणी उलटं ओढलं जातं, त्यातूनच कावीळ येते, असं सांगत फिरले. लोकांनी चांगलं ऐकून घेतलं. शाळेतल्या बाई म्हणून मला पाटही दिला बसायला. दोन घरांनी खड्डे बुजवले. एका घरातल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी मला शांतपणे विचारलं, "बाई, मी बुजवतो. पण समोरचा बुजवणार आहे का? नाहीतर माझं पाणीही त्याला जाईल." समोरच्या घरात गेले तर तिथंही हेच. एका बाईनं दारातूनच सांगितलं, "तुमच्याकडं कावीळ होऊन गेली, आता तुम्हाला सुचतंय." ती खोटं बोलत नव्हती.

चार दिवसांनी ती पोरगी शुद्धीवर आली. मला कळलं तेव्हा मी आनंदानं गेले नाही, भीत भीत गेले. उकळून गार केलेलं पाणी घेऊन गेले होते. ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. अंगात काही उरलं नव्हतं. मी तिला चमच्यानं पाणी पाजलं. मुलीचं तिला सांगितलेलं होतं. तिनं तो विषय काढला नाही.

मला तेव्हा बोलायलाच हवं होतं. नंतर धीर झाला नसता.

"तू खड्ड्यात उतरून पाणी प्यायलीस ना, त्या दिवशी मी खिडकीत होते," मी म्हणाले. "मी बघितलं होतं. मी तुला हाक मारली नाही."

ती तशीच पडून राहिली. मला वाटलं, तिला ऐकू गेलं नाही. मग ती म्हणाली, "मला ठावं हाय. मीबी तुमाला बघितलं हुतं."

"मग?"

"मला वाटलं, पानी वंगाळ आसतं तर ताई बोलल्या आसत्या." थांबून थांबून ती बोलत होती. "तुमी शाळंत शिकविता. मी मनाशी म्हनलं, ताई गप हायेत, म्हंजी चालतंय. त्याच्यावर मी रोज उतरत हुते."

ती रागानं बोलत नव्हती. रागावली असती तर मी रडले तरी असते. मी चमचा पेल्यात ठेवला. तिनं पुन्हा तोंड उघडलं, म्हणून मी पुन्हा पाणी दिलं.

जूनच्या सुरुवातीला तिचे वडील तिला न्यायला आले. उंच, काटक, डोक्याला मुंडासं बांधलेला डोंगरी माणूस. नगरचं उघडंबोडकं रान बघून तो बावरला होता. एस.टी. स्टँडपर्यंत मी त्यांच्याबरोबर गेले, तिची पत्र्याची ट्रंक घेऊन. गाडी लागायला वेळ होता. तिचा नवरा तिकिटाच्या रांगेत उभा होता. वडिलांनी माझ्यासमोर हात जोडले.

"जावईबापूंनी समदं सांगितलं," ते म्हणाले. "तुमी पोरीला दवाखान्यात नेलं, पानी पाजलं. सख्खी भैन करनार न्हाई तेवढं केलं. तुमी व्हता म्हनून माझी पोर वाचली."

मी तिच्याकडं पाहिलं. ती ट्रंकेवर बसली होती. तिनं वडिलांचं सगळं बोलणं ऐकलं होतं. आता ती सांगेल, असं मला वाटलं. तिनं सांगावं, अशी निम्मी इच्छाही होती. ती पदराचा काठ बोटाला गुंडाळत राहिली. मी त्या माणसाला म्हणाले, "नाही हो, तसं काही नाही." त्याला तो माझा विनय वाटला. त्यानं पुन्हा हात जोडले.

तिचा नवरा पुढं तिकडंच काम शोधून राहिला. मागची खोली दिवाळीपर्यंत रिकामी होती. पाऊस त्या वर्षी बरा झाला, सासूबाई आणि नणंद कर्जतला परत गेल्या. नळ रोज यायला लागला. आम्हीही आमचा बुजवलेला नळ पुन्हा वर जोडून घेतला. लोकांनी आपापले खड्डे बुजवले, पण ते पाणी वर चढायला लागलं म्हणून. महिन्याभरात गल्लीतून सकाळी फरशा धुतल्याचे आवाज यायला लागले. मागच्या खोलीत नवं बिऱ्हाड आलं. त्या बाईनंही अंगणात सडा घातला, दोन वेळा. मी तिला काही बोलले नाही.

दोन वर्षांनी एक पोस्टकार्ड आलं, तिच्या नवऱ्याच्या अक्षरातलं. मुलगी झाली, दोघी खुशाल आहेत, तिनं ताईंना कळवायला सांगितलं आहे. एवढंच. मी ते कितीतरी वेळा वाचलं. तिनं का कळवायला सांगितलं असेल याचा विचार केला. माफी असेल, किंवा नुसती रीत असेल, किंवा मी विसरू नये म्हणून असेल. मला ते आजही ठरवता आलेलं नाही.

उत्तर लिहायला मी तीन वेळा बसले. अभिनंदन लिहिलं, खालांचा आशीर्वाद लिहिला, आणि हात थांबला. पुढं जे लिहायचं होतं ते चौथीच्या पुस्तकातलं वाक्य होतं, आणि ते लिहायचा हक्क मला राहिला नव्हता. खालांना विचारलं. त्या म्हणाल्या, "हक्काचं सोड. तुला जे माहीत आहे ते लिही."

मग मी लिहिलं, "बाळाला पाणी उकळून द्या. ओढ्याचं असलं तरी." आणि कार्ड टाकून आले.